बुडबुडे थांबल्यावर

अण्णा नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात पॅनमन होते. गळीत हंगामात रात्रपाळीचा डबा घेऊन भावाबरोबर मी गेले, की ते मला उचलून पॅनच्या गोल काचेपुढे धरायचे. आत पाक नुसता खदखदत असायचा. "किती तापलाय सांग," ते विचारायचे. मी म्हणायचे, शंभर. "सत्तरसुद्धा नाही, बाई." मला ही थाप वाटायची. खदखदतंय म्हणजे शंभरच ना?

कोडं कॉलेजात सुटलं. पाणी उकळतं ते नुसतं तापून नव्हे, डोक्यावरच्या हवेचा दाब झुगारण्याइतकं तापल्यावर. पंप लावून तो दाब काढून घेतला, की तेच पाणी साठ अंशांवरही उकळतं. पाक जास्त तापला तर काळवंडतो, म्हणून आच न वाढवता हवा कमी करायची. ही युक्ती एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनतज्ज्ञाची, १८१३ च्या सुमाराची. अण्णांना हॉवर्ड माहीत नव्हता. त्यांना काटा माहीत होता. निर्वात मोजणारा काटा पाऱ्याच्या पंचवीस-सव्वीस इंचांवर, की पॅन खूश.

आज मी कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोच्या एका प्रयोगशाळेत गांजाचे अर्क तपासते. आई शेजारणींना "औषधांच्या लॅबमध्ये आहे" एवढंच सांगते. इथे २०१६ च्या मतदानात प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला, १ जानेवारी २०१८ पासून दुकानं उघडली, आणि तपासणीचा दाखला नसेल तर मालाची एक डबीही फळीवर चढत नाही.

अर्काला गिऱ्हाइकाची पसंती असते, कारण फुलातला उपयोगाचा भाग म्हणजे त्यावरच्या बारीक ग्रंथींमधली चिकट राळ. ती पाण्यात विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये, ब्यूटेनमध्ये, प्रोपेनमध्ये विरघळते. शेवटचे दोन आपल्या ओळखीचे आहेत, स्वयंपाकाच्या सिलिंडरात हेच दोघे असतात. राळ विरघळवून घेतली, की विद्रावकाचं काम संपलं. आता त्याला घालवायचं.

हे दुखणं जुनं आहे. कलकत्त्यात १८३९ मध्ये विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टरने भारतीय गांजावर निबंध वाचला. त्यातली कृती अशी, की गांजाची बोंडं स्पिरिटमध्ये उकळायची आणि तो काढा उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून आटवायचा. साखरवाल्यांकडे निर्वात पॅन येऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. पण डॉक्टर आणि साखरवाले एकमेकांच्या स्वयंपाकघरात कशाला डोकावतील?

ब्यूटेन शून्याच्याही किंचित खाली उकळतो. मग अर्क टेबलावर उघडा ठेवला तर सगळा उडून जायला हवा. बराचसा जातोही. उरतो तो काकवीसारख्या घट्ट राळेत अडकलेला. आच वाढवली तर राळ पातळ होते खरी, पण तिचा सुगंध उडतो आणि मूळ रेणूही बदलू लागतात. म्हणजे पुन्हा अण्णांचीच अडचण.

म्हणून हे निर्वात भांडं. स्टीलचं, मोदकपात्राएवढं, काठाला सिलिकॉनची कडी, वर जाड पारदर्शक झाकण, बाजूला काटा आणि पंपाची नळी. झाकणाला एकही स्क्रू नसतो. पंप सुरू झाला की बाहेरची हवाच त्याला दाबून धरते. एक फूट व्यासाच्या झाकणावर ते वजन सुमारे सातशे किलो भरतं, म्हणजे एक धष्टपुष्ट म्हैस. त्यामुळे झाकणावर चरा दिसला की मी दोन पावलं मागे सरते. अ‍ॅक्रिलिकच्या झाकणाला अल्कोहोलची वाफ तर मुळीच मानवत नाही, त्यावर बारीक तडे जातात.

आत कागदावर अर्काचा मधाच्या रंगाचा पातळ थर असतो. काटा पुढे सरकू लागला की आधी कडेला दोन-चार बुडबुडे येतात, मग सगळा थर एकदम फुगतो, दूध उतू जावं तसा. या वेळी झडप जरा सैल करावी लागते, नाहीतर माल झाकणाला जाऊन चिकटतो. पुढे फेस बसतो आणि राळेला अनारशासारखी जाळी पडते. उडणारा द्रव स्वतःबरोबर उष्णता नेतो, म्हणून थर गार पडतो. आणि निर्वातात ऊब पोचवायला हवाच नसते. जेवढा भाग तळाला टेकलेला, तेवढाच ऊब धरतो.

मग बुडबुडे थांबतात. नवशिका इथेच फसतो.

मागे एका उत्पादकाचा माल आमच्याकडे नापास झाला. त्याचा फोन आला, आवाज चढलेला. "बुडबुडे कधीच थांबले होते. मी स्वतः पाहिलंय." तो खोटं बोलत नव्हता. पण शेवटचा ब्यूटेन उकळून येत नसतो, तो राळेतून एकेक रेणू वाट काढत पृष्ठभागाशी येतो आणि तिथून निसटतो. बुडबुडा होण्याइतकी गर्दी त्याच्यापाशी नसतेच. अशा वाटचालीचा हिशोब निर्दय असतो. थर दुप्पट जाड केला तर वेळ दुप्पट नाही, चौपट लागतो. याने थर जाड लावला होता. याच्या उलटही घडतं. कधी बुडबुडे थांबतच नाहीत आणि माणूस पंप चालू ठेवतो, पण ते ब्यूटेनचे नसतातच. ऊब जास्त झाल्यामुळे राळेतलं आम्ल तुटून कार्बन डायऑक्साइड सुटत असतो.

आम्ही डोळ्यांवर विसंबत नाही. चिमूटभर नमुना बंद कुपीत घालून तापवायचा, वर जमलेली वाफ सुईने ओढून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडायची. पडद्यावर एकेक विद्रावक आपापल्या वेळेला टेकडीसारखा उगवतो. इथली मर्यादा ब्यूटेनला ग्रॅममागे ५,००० मायक्रोग्रॅम, हेक्सेनला २९०, बेंझिनला फक्त १. हेक्सेनचा आकडा पाहून मला तारापूरचे दिवस आठवले. तिथे औषधांच्या कारखान्यात मी हाच २९० तपासत होते. आंतरराष्ट्रीय औषध-नियमावलीतही तोच आहे.

काट्याचंही एक सांगते. सॅक्रामेंटोच्या आधी मी डेन्व्हरला होते. पहिल्याच आठवड्यात काटा पंचविसाच्या पुढे जाईना. मी तेल बदललं, नळ्या तपासल्या, पंपाला नावं ठेवली. दोष पंपाचा नव्हता. डेन्व्हर सोळाशे मीटर उंचावर आहे, तिथल्या हवेचाच दाब जेमतेम पंचवीस इंच. काटा बाहेरच्या हवेशी तुलना करून बोलतो, मग नसलेली हवा तो काढणार कुठून? घरी डाळ शिजायला वेळ लागत होता, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. अण्णांना सांगितलं तर ते पोट धरून हसले.

हे वाचून कुणाला हात शिवशिवले असतील तर दोन गोष्टी. ब्यूटेन हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो आणि हवेत दोन टक्के झाला तरी एका ठिणगीची वाट पाहतो. फ्रिजची ठिणगीही त्याला पुरते. अमेरिकेत घरच्या घरी असे उद्योग करणारी माणसं स्फोटात भाजली आहेत. इथे परवानाधारकालाही इंजिनिअरने प्रमाणित केलेली बंद यंत्रणा वापरावी लागते. आणि भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने असा अर्क चरसच्या व्याख्येतच घातला आहे.

त्या उत्पादकाने माल पुन्हा भांड्यात घातला, या खेपेला थर पातळ करून आणि वेळ भरपूर देऊन. दुसऱ्या नमुन्यात ब्यूटेनची टेकडी एवढीशी राहिली होती, जेमतेम उंबरठ्याएवढी. पास. मी अण्णांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "आम्ही दोन बोटांत तार धरून बघायचो. तुझं बरंय, मशीन सांगतं."

दोन दिवसांनी उत्पादकाचा पुन्हा फोन. आधी मालाला लिंबाच्या सालीसारखा वास होता, म्हणाला, तो आता येत नाही. तो वास लिमोनीनचा. ब्यूटेन ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने तोही पंपातून बाहेर गेला होता. रिपोर्टच्या माझ्या पानावर त्याचा रकाना नसतो.