मनातली हालचाल आणि लुळा पडलेला हात

अंगावरून वारे गेले, म्हणजे वैद्यकाच्या भाषेत पक्षाघात झाला, की घरातल्या माणसांच्या मनात पहिला प्रश्न येतो : हा हात पुन्हा चालेल काय? काही दिवस दवाखान्यात काढून रोगी घरी येतो. ओसरीवर खाट पडते. सोयरेधायरे भेटून जातात. कोणी तेल सुचवतो, कोणी म्हणतो, ‘व्हायचं ते झालं.’ हळूहळू तो हात सर्वांच्या हिशेबातून वजा होतो, रोग्याच्या स्वतःच्यासुद्धा! त्या हाताविषयी आज थोडे बोलू.

पहिली गोष्ट ही, की मूळ बिघाड हातात नसतो. मेंदूला रक्त पुरवणारी नळी तुंबते किंवा फुटते, आणि हाताला हुकूम देणारा मेंदूचा भाग दुखावतो. मेंदूची उजवी बाजू डाव्या अंगाचा कारभार पाहते, डावी बाजू उजव्या अंगाचा. वाफा चांगला असावा, पण वरचा पाट फुटलेला असावा, तशी ही स्थिती असते. मात्र मेंदूचा शाबूत राहिलेला भाग नवे काम शिकू शकतो. त्याला पुन्हा पुन्हा सराव हवा. आता तुम्ही म्हणाल, जो हात हलतच नाही त्याचा सराव करायचा कसा?

इथे कल्पना उपयोगी पडते. एक साधा प्रयोग करून पाहा. तुम्ही राणीसावरगावचे असाल तर डोळे मिटून आपल्या दारापासून रेणुकादेवीच्या देवळापर्यंत मनाने चालत जा. जवळ घड्याळ ठेवा. मग खरेच चालत जा. दोन्ही वेळा बहुधा जवळपास सारख्या भरतील. कारण हालचालीची कल्पना करताना मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतले पुष्कळसे प्रत्यक्ष हालचालीच्या वेळीही कामाला लागतात.

१९९५ साली पास्कुअल-लिओन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना पियानोवर पाच बोटांची एक कसरत शिकवली. एका गटाने पाच दिवस, रोज दोन तास, ती प्रत्यक्ष वाजवली. दुसऱ्याने तितकाच वेळ फक्त मनात वाजवली. बोटांचा कारभार पाहणाऱ्या मेंदूच्या भागात दोन्ही गटांत बदल दिसला. हाताची सफाई प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांची अधिक होती; परंतु मनात वाजवणाऱ्यांनी दोनच तास खरा सराव केला आणि ते त्यांच्या बरोबरीला आले.

ही माणसे धडधाकट होती. पक्षाघाताच्या रोग्यांचे काय? अशा २५ अभ्यासांचा एक आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांना कल्पनेच्या सरावाची जोड दिली, तर हाताचा वापर अधिक सुधारतो, असे त्यात दिसले. ‘जोड’ हा शब्द ध्यानात ठेवा, बरं का! एकट्या कल्पनेच्या बळावर हात बरा होतो, असे त्यातून सिद्ध होत नाही.

मुंबईला हाजी अलीजवळ १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. पण आपल्याकडच्या शेतकऱ्याला मुंबई तर दूरच, रोज परभणीची खेपही परवडत नाही. म्हणून फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम घरी नेमाने करावेत आणि त्यांच्या सल्ल्याने ही जोड द्यावी.

रीत सोपी आहे. रोजचे एकच काम निवडा; समजा, तांब्या उचलणे. आधी चांगल्या हाताने तो उचलून नीट पाहावे. मग डोळे मिटून तेच काम दुखऱ्या हाताने मनात करावे. दुसऱ्या कोणाचा हात पाहतो आहोत असे नव्हे; तांब्याचा गारवा, त्याचे वजन, मनगटावरचा ताण स्वतःला जाणवला पाहिजे. खऱ्या कामाला लागेल तितकाच वेळ घ्यावा. लगेच, शिकवल्याप्रमाणे, चांगल्या हाताचा आधार देऊन प्रत्यक्ष प्रयत्न करावा. दहा-पंधरा मिनिटांनी मन थकते, तिथे थांबावे.

शिक्षकबंधूंना यात मोठे काम करता येईल. रोग्याच्या घरच्या बोलीत पाच-सहा ओळी लिहून द्या : ‘हात पुढं गेला. बोटं उघडली. तांब्या गार लागतोय. मूठ आवळली. आता सावकाश वर...’ शाळेत जाणारा नातू आजोबांना त्या संथपणे वाचून दाखवील. आजोबांचा सराव होईल आणि कोणीतरी रोज त्या हाताची चौकशी करील.

काही रोग्यांना अशी कल्पना करणेच जमत नाही. मेंदूच्या कोणत्या भागाला इजा झाली त्यावर ते अवलंबून असते. त्यांच्यावर सक्ती करू नये, आळशी म्हणून बोल लावू नये.

पुढच्या खेपेला फिजिओथेरपिस्टकडे जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा : आमच्या रोग्याला हा सराव चालेल का, कोणत्या कामापासून सुरुवात करावी, आणि त्यासोबत कोणता व्यायाम करावा? उत्तरे तिथेच कागदावर लिहून घ्या. घरी येईपर्यंत अर्धे विसरायला होते.