डायल कुणाची, मशीन कुणाचं?

२०१२ साली ट्युडरने ‘ब्लॅक बे’ नावाचं पाणबुड्यांचं घड्याळ बाजारात आणलं. ट्युडर ही रोलेक्सची भावंड कंपनी. दोन्ही हान्स विल्सडॉर्फ यांनीच उभ्या केलेल्या. मात्र या घड्याळाच्या पोटात रोलेक्सचं मशीन नव्हतं. होतं ते ईटीए २८२४, स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंखेनच्या कंपनीचं, इतर कितीतरी ब्रँड विकत घेऊन वापरत तेच. त्या सुमारास श्टाइनहार्ट या जर्मन कंपनीचं ‘ओशन वन’ हे रोलेक्स सबमरिनरच्या तोंडवळ्याचं घड्याळही याच मशीनवर चालत होतं. शिवाय तिआनजिनच्या सी-गल कारखान्यात एसटी२१३० या नावाने याची चिनी आवृत्ती निघत होती आणि ती पुढे जाऊन कुठल्या डायलखाली बसेल याला धरबंध नव्हता. ब्लॅक बेमध्ये ट्युडरने स्वतःचं मशीन बसवलं २०१६ मध्ये. तोवर अस्सल, अस्सलसारखं आणि सरळसरळ नक्कल अशी तिन्ही घड्याळं जवळपास एकाच आराखड्यावर टिकटिकत होती.

सबमरिनरसारखं दिसणारं घड्याळ घेऊ पाहणाऱ्या माणसाला दुकानदार बाहेरचं सगळं दाखवतो: सिरॅमिकची बेझल, तारखेवरचं भिंग, पट्ट्याचा लॉक. हे सगळं उसनं. आतलं मशीन मात्र स्वतःच्या कुळाचं असू शकतं, आणि घड्याळ दहा वर्षांनी चालू असेल की ड्रॉवरमध्ये पडलेलं असेल ते तिथेच ठरतं.

२८२४चं कूळ जुनं आहे. ग्रेंखेनमध्ये १८५६ साली सुरू झालेल्या कारखान्यातून पुढे एटर्ना हा ब्रँड झाला, आणि १९३२ मध्ये त्याचा मशीन बनवणारा विभाग ईटीए म्हणून वेगळा निघाला. १९४८ साली एटर्नाने ऑटोमॅटिक घड्याळाचा रोटर बॉल बेअरिंगवर बसवला. पाच बारीक गोळ्यांचं ते बेअरिंग कंपनीला इतकं अभिमानाचं वाटलं की तिच्या चिन्हात पाच ठिपके आले ते कायमचे. मनगट हललं की रोटर फिरतो आणि मेनस्प्रिंग भरते, ही गोष्ट आज साधी वाटते. पाणबुड्याच्या घड्याळाला मात्र तिचं मोल वेगळं आहे. त्याची चावी आट्यांवर फिरवून घट्ट बंद केलेली असते. चावी द्यायला ती रोज उघडायची, तर आटे झिजणार आणि कधीतरी नीट बंद करायची राहून जाणार. म्हणून या जातीच्या घड्याळात मशीनने आपलं आपण भरून घेणं ही चैन नाही, गरज आहे.

२८२४-२ सेकंदाला ८ ठोके देतं, म्हणजे तासाला २८,८००. व्यास २५.६ मिलिमीटर, जाडी ४.६, पंचवीस ज्वेल्स, आणि पूर्ण भरलं की साधारण दीड दिवसाची चाल. नुसतं नाव ऐकून मात्र फसू नये. एकच मशीन चार प्रतींत निघे. वरच्या प्रतींत बॅलन्स व्हील आणि हेअरस्प्रिंग सरस मिश्रधातूंची, जुळवणीही जास्त स्थितींत तपासलेली. जाहिरातीत नुसतं ‘स्विस २८२४’ लिहिलेलं असेल तर यातली कुठली प्रत, हे विचारल्याशिवाय त्या शब्दांना अर्थ नाही. दुखणं सांगायचं तर या कुळाला चावी देण्याचं फारसं प्रेम नाही. रोज हाताने भरलं की आतली चाकं झिजतात. सेलिटाच्या सुरुवातीच्या एसडब्ल्यू२०० मध्ये तर एका चाकाचे दातच तुटल्याच्या तक्रारी आल्या आणि पुढे ते दात सुधारावे लागले.

सेलिटा इथे का आली, ते पाहण्यासारखं आहे. ला शो-द-फॉ इथली ही कंपनी पूर्वी ईटीएकडून सुटे भाग घेऊन मशीन जुळवून द्यायची. ईटीए स्वॉच समूहाची. समूहाने २००२च्या सुमारास जाहीर केलं की बाहेरच्यांना सुटी किट देणं हळूहळू बंद करणार. स्विस स्पर्धा आयोग मध्ये पडला, तारखा पुढे सरकल्या. पण पेटंटची मुदत संपलेली असल्याने सेलिटाने त्याच मापाचं, एक ज्वेल जास्त असलेलं स्वतःचं मशीन काढलं. आज ‘स्विस’ म्हणून मिळणाऱ्या मध्यम किमतीच्या बऱ्याच डायव्ह घड्याळांत हेच असतं. म्हणजे स्विस लोकांनीही २८२४ची नक्कलच केली, फक्त कायद्याच्या चौकटीत राहून.

जपानी बाजूला दोन नावं. पहिलं मियोटा ९०१५. मियोटा सिटिझनची, हीच सिटिझन १९६१ मध्ये बंगळुरूला एचएमटीच्या घड्याळ कारखान्यासाठी भागीदार झाली होती, त्यामुळे आपल्याकडच्या एका पिढीच्या मनगटावर तिचा हात आधीच पडलेला आहे. ९०१५चेही सेकंदाला ८ ठोके, जाडी मात्र अवघी ३.९ मिलिमीटर. रोटर एकाच दिशेने भरतो आणि उलट्या दिशेने मोकळा सुटतो. शांत खोलीत हात झटकला की त्याची घरघर ऐकू येते, आणि काहींना ती सहन होत नाही. पातळपणाचं कौतुक सगळे करतात, पण सबमरिनरची नक्कल करताना त्याचा उपयोग काय? रोलेक्सचं ३१३५ हे मशीन स्वतःच ६ मिलिमीटर जाड आणि २८.५ मिलिमीटर रुंद आहे. त्या आकाराच्या केसमध्ये ९०१५ बसवायचं तर भोवती रिंग घालून जागा भरावी लागते.

दुसरं सायकोचं एनएच३५. अमेरिकी इन्व्हिक्टाच्या ‘प्रो डायव्हर’पासून चिनी ब्रँडांपर्यंत ते सर्वत्र दिसतं. सेकंदाला ६ ठोके, २४ ज्वेल्स, ४१ तासांची चाल, जाडी ५.३२ मिलिमीटर. रोटर दोन्ही दिशांनी भरतो, तेही सायकोने १९५९ मध्ये काढलेल्या ‘मॅजिक लिव्हर’च्या सोप्या युक्तीने. याच कुळातल्या जुन्या ७एस२६ला ना चावी देता यायची, ना वेळ लावताना सेकंदकाटा थांबायचा. एनएच३५ने या दोन्ही उणिवा भरून काढल्या. कंपनी सांगते की हे दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे जाऊ शकतं. आकडा ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी हिशेब करावा: दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणजे ही चूक अर्ध्या दशांश टक्क्याहूनही कमी. ९०१५साठी हीच मर्यादा उणे १० ते अधिक ३०, आणि स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्राला उणे ४ ते अधिक ६.

ठोक्यांच्या संख्येला खरेदीदार फार महत्त्व देतात. आठ ठोक्यांनी काटा लोण्यासारखा सरकतो, सहा ठोक्यांनी किंचित अडखळतो, इतकाच डोळ्यांना दिसणारा फरक. जलद मशीन धक्क्यांना जास्त दाद देत नाही हे खरं. पण १९५०च्या दशकातल्या सबमरिनर सेकंदाला पाचच ठोके देत आणि पाणबुडे त्या घालून खाली जात. २८२४चा थेट वंशज असलेलं पॉवरमॅटिक ८० तर उलट दिशेने गेलं. टिसोच्या सीस्टारसारख्या डायव्ह घड्याळांत बसणाऱ्या या मशीनने ठोके आठावरून सहावर आणले आणि त्या बदल्यात ८० तासांची चाल मिळवली. शुक्रवारी काढून ठेवलेलं घड्याळ सोमवारी चालूच सापडतं. मात्र त्याचा वेग कारखान्यातच लेझरने ठरवलेला असतो. जुन्या मशीनचा वेग कमी-जास्त करायला घड्याळजी जो छोटा लिव्हर हलवतो, तो इथे नाहीच.

आणि मग ज्याला बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात ती. स्वस्त प्रतींत मियोटाच्या जुन्या ८२ मालिकेच्या धर्तीवरचं चिनी मशीन असतं आणि वर रोलेक्ससारख्या दिसणाऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या. महागड्या प्रतींत ३१३५ची हुबेहूब प्रतिकृती, लाल रंगाच्या चाकांसकट. विक्रेता ती ‘क्लोन’ म्हणून मोठ्या तोऱ्यात दाखवतो. मला ती सगळ्यांत वाईट खरेदी वाटते. रोलेक्सच्या सेवा केंद्रात हे घड्याळ कुणी हातात धरणार नाही, आणि ज्याने प्रतिकृती बनवली त्याचा पत्ता नाही. बॅलन्सचा दांडा मोडला तर तो आणायचा कुठून? शिवाय दुसऱ्याचा मुकुट छापून विकणं हा भारतात १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. आपलंच नाव डायलवर लिहून सबमरिनरसारखं दिसणारं घड्याळ विकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे नक्कल चेहऱ्याची आहे, सहीची नाही.

मशीन कितीही चांगलं असलं तरी ते पाणी अडवत नाही. पाणबुड्याच्या घड्याळासाठीच्या आयएसओ ६४२५ या मानकाप्रमाणे प्रत्येक नग तपासावा लागतो, तोही लिहिलेल्या खोलीपेक्षा सव्वापट दाबाखाली. फर्स्ट कॉपीवरचे ‘३०० मीटर’ ही नुसती छपाई असते. दाब तपासून घेतल्याशिवाय ते घालून तारकर्लीच्या पाण्यात उतरू नये.

तेव्हा निवड कशी करावी? माझा कल एनएच३५कडे आहे आणि त्याला कारण अचूकतेचं नाही. हे मशीन स्प्लेंडरसारखं आहे: कुठेही उघडता येतं आणि बिघडलं तर कुणी हात वर करत नाही. नवं कोरं एनएच३५ तीन-चार हजारांत मिळतं, त्यामुळे सर्व्हिसिंगच्या खर्चात आख्खं मशीनच बदलून टाकणारे घड्याळजी भेटतात. ज्याला काट्याची मऊ चाल हवीच त्याने सेलिटा घ्यावं आणि चावी देण्याची सवय सोडावी. ९०१५ पातळ, साध्या घड्याळाला शोभतं. तारीख नसलेलं एनएच३५चं घड्याळ घेतलं तर चावी ओढताना मध्ये एक रिकामी पायरी लागेल. घाबरू नका, डायलखाली तारखेची तबकडी फिरत असते, तिला दाखवायला खिडकी ठेवलेली नाही एवढंच.