वजनकाट्याला न कळणारा फुटबॉल
वाढत्या अंगाची मुलं : भाग ६

"सहा महिने फुटबॉलला जातोय, पण वजन एक किलोनंही उतरलं नाही." शेजारच्या इमारतीतल्या एक ताई हे सांगत होत्या, तेव्हा त्यांचा दहा वर्षांचा मुलगा बूट हातात घेऊन मान खाली घालून उभा होता. त्याचा क्लास बंद करायचं घरात ठरत आलं होतं.

अहो, या वयात वजन वाढणारच! उंची वाढते, हाडं भरतात, स्नायू वाढतात. त्यात चरबी किती आणि स्नायू किती, हे काटा सांगत नाही. उंचीच्या मानानं वजन मोजणाऱ्या बीएमआयलाही ते कळत नाही. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. मात्र युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला बारीक, पण आत चरबी जास्त, ही आपल्याकडची ठेवण पुण्यातल्या अभ्यासांत नवजात बाळांमध्येही आढळली आहे. म्हणून आपल्या मुलांबाबत नुसत्या किलोंवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

फुटबॉलमध्ये मूल एका लयीत पळत नाही. सुसाट धावतं, थबकतं, गर्रकन वळतं, दोन पावलं चालतं, पुन्हा सुटतं. या चढउतारानं हृदयाला कसून काम मिळतं आणि दम वाढतो. थबकताना, वळताना, उडी मारून उतरताना पायांच्या हाडांवर जे धक्के बसतात, त्यांनी हाडं बळकट होतात. डेन्मार्कमध्ये ८ ते १० वर्षांच्या शाळकरी मुलांना आठवड्यातून तीनदा, ४०-४० मिनिटं, लहान गटांत चेंडूचे खेळ खेळवले. दहा महिन्यांनी त्यांच्या पायांची हाडं नेहमीच्या वर्गातल्या मुलांपेक्षा भरीव झाली होती, स्नायूंची क्षमताही वाढली होती.

यातलं 'लहान गटांत' फार महत्त्वाचं. अकरा-अकराच्या सामन्यात जाडसर मुलाला गोलमध्ये किंवा कोपऱ्यात उभं करतात. तासाभरात चेंडू त्याच्या पायाला चारदा लागतो. तीन-तीनचा डाव मांडा, कुणालाच उभं राहता येणार नाही. कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, सामन्यांना गर्दी लोटते. पण लहानग्यांसाठी गल्लीतला तीन-तीनचा डावही तितकाच मोलाचा आहे.

चरबीचं मात्र एवढ्यावर भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल सांगते. आठवड्यातले दोन क्लास आणि परतताना वेफर्सचं पाकीट, यानं चरबी कशी उतरेल?

मी ताईंना टेप दिली. महिन्यातून एकदा कमरेचा घेर मोजा, आणि चार मजले चढल्यावर तो किती धापा टाकतो ते बघा, असं सांगितलं. मुलानं बूट तिथंच पायात चढवले.

(पुढच्या रविवारी : मुली मैदान सोडतात ते वय)