हात लांब करणारी दोरी

समुद्रकिनाऱ्यावर उभं राहून गळ टाकणाऱ्याची सगळी धडपड एका गोष्टीसाठी असते. लाटा जिथे फुटतात त्या रेषेच्या पलीकडे दोऱ्याला बांधलेलं शिसं पडलं पाहिजे. बुलढाणा शहरापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. तरी लांब फेकण्याची विद्या या जिल्ह्याला परकी नाही. इथे गळाच्या जागी गोफण होती, लाटांच्या जागी ज्वारीचं वावर आणि माशांच्या जागी पाखरं. मासा जवळ आणायचा असतो आणि पाखरू दूर घालवायचं असतं, एवढाच फरक.

गोफणीकडे पाहिलं तर तिच्यात काही आहे असं वाटत नाही. दोन-दोन हात लांबीच्या दोन दोऱ्या आणि त्यांच्या मधोमध तळहाताएवढा विणलेला पट्टा. एका दोरीच्या टोकाला फासा असतो, तो बोटात अडकवायचा. दुसऱ्या टोकाला गाठ असते, ती अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरायची. पट्ट्यात खडा ठेवायचा, फिरवायचं आणि चिमूट सोडायची. फासा बोटातच राहतो, गाठ सुटते, पट्टा उलगडतो आणि खडा निघून जातो.

पूर्वीची गोफण अंबाडीची असे. विदर्भात ज्वारीच्या वावरात अंबाडीचे तास घालायची पद्धत होती. पाल्याची भाजी, बोंडांचं सरबत आणि सालीचा वाख, असं तिचं सगळंच उपयोगी पडायचं. ताटांच्या पेंढ्या नाल्याच्या किंवा डबक्याच्या पाण्यात दाबून ठेवायच्या. साल कुजून सैल झाली की सोलायची, आपटून धुवायची आणि वाळवायची. त्या वाखाला पीळ देऊन दोर वळायचे. गावगाड्यात हे काम प्रामुख्याने मातंग समाजाच्या हातात होतं. कासरा, दावं, मोरखी, चऱ्हाट असा बैलांचा सगळा दोराचा साज त्यांच्याकडून यायचा आणि त्यातच गोफणही असायची. चांगल्या कारागिराची गोफण पट्ट्यावरून ओळखावी. पट्टा फार खोलगट झाला तर खडा सुटायला उशीर करतो, फार सपाट झाला तर फिरवतानाच घरंगळतो. दोन्ही दोऱ्या खडा भरल्यावर बरोबरीच्या ताणल्या गेल्या पाहिजेत. एक सैल राहिली की खडा तिरका पळतो आणि शेजारच्या धुऱ्यावरचा माणूस शिव्या घालतो.

गोफण किती लांब असावी? बाजूला उभी फिरवायची असेल तर हात खाली सोडल्यावर ती जमिनीला घासू नये, ही पहिली अट. त्या मर्यादेत जितकी लांब तितका खडा दूर जातो. स्पेनच्या पूर्वेला भूमध्य समुद्रात बॅलेरिक बेटं आहेत. तिथले गोफणकरी प्राचीन काळी भाडोत्री सैनिक म्हणून नावाजलेले होते. ग्रीक लेखक सांगतात की ते तीन गोफणी बाळगत. एक डोक्याला गुंडाळलेली, एक कमरेला आणि एक हातात. लांब पल्ल्याला लांब, जवळच्या माऱ्याला आखूड. त्या बेटांवर गोफण आजही खेळ म्हणून टिकून आहे आणि तिच्या स्पर्धा भरतात.

लांबीचा हा हिशेब साधा आहे. नुसत्या हाताने धडधाकट माणूस खडा फेकतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला वीसेक मीटर असतो. हवेचा अडथळा सोडून दिला तर तो चाळीस मीटरवर पडेल. गोफण म्हणजे हाताला जोडलेला आणखी एक हात. खांदा तेवढ्याच झपाट्याने फिरला तरी टोक मोठ्या वर्तुळात फिरतं, म्हणून ते अधिक वेगाने धावतं. वेग दुप्पट झाला की अंतर दुप्पट होऊन थांबत नाही, ते चौपट होतं. सेकंदाला चाळीस मीटरने सुटलेला खडा कागदावर एकशे साठ मीटर जातो. प्रत्यक्षात हवा त्यातलं बरंच खाऊन टाकते, तरी सरावलेला हात शंभर मीटरच्या पुढे खडा घालतो. ज्वारीच्या चार-पाच एकरांच्या तुकड्याला तेवढा पल्ला पुरतो. मधोमध माळा, म्हणजे उंच मचाण, घालून एक माणूस उभा केला की चारही धुरे त्याच्या माऱ्यात येतात.

नवशिक्याला वाटतं की जितके फेरे जास्त तितका जोर जास्त. तो डोक्यावर सात-आठ वेळा गरगर फिरवतो, दमतो आणि खडा मागे जातो. जाणता माणूस एक किंवा दोन फेरे घेतो. त्या फेऱ्यांत खडा पट्ट्यात नीट बसला की नाही आणि दोऱ्या ताठ आहेत की नाहीत, एवढंच तो चाचपतो. खरा वेग शेवटच्या झटक्यात येतो. मागचा पाय रेटतो, कंबर वळते, मग खांदा, मग कोपर आणि सगळ्यात शेवटी मनगट.

मग उरतो सुटण्याचा क्षण, आणि सगळी परीक्षा तिथेच आहे. गोफणीतला खडा सेकंदाला तीस मीटरने फिरतोय आणि वर्तुळाची त्रिज्या सव्वा मीटरच्या आसपास आहे असं धरा. म्हणजे एका सेकंदात जवळजवळ चार फेरे. चिमूट सुटायला सेकंदाचा शंभरावा भाग उशीर झाला तर दिशा चौदा अंशांनी बदलते. गोफण डोक्यावर आडवी फिरवली असेल तर ही चूक डावी-उजवीकडे जाते आणि शंभर मीटरवर खडा पंचवीसेक मीटर बाजूला पडतो. बाजूला उभी फिरवली असेल तर तीच चूक वर-खाली जाते. खडा सरळ रेषेतच जातो, फक्त थोडा अलीकडे किंवा पलीकडे पडतो. वावरात माणसं, बैल आणि शेजारी असताना कोणती पद्धत बरी, हे सांगायला नको.

आता खड्याकडे वळू. बुलढाणा जिल्ह्याचे लोक बोलताना सरळ दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या रांगेवरचे चिखली, मेहकर, सिंदखेड राजा, लोणार हे तालुके घाटावरचे. तिथली जमीन बऱ्याच ठिकाणी मुरमाड, त्यामुळे खडा वेचायला वाकलं की झालं. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर या बाजूला खोल काळी माती. तिथे वावरात गोटा सापडणं कठीण, म्हणून ढेकूळ. ढेकूळ हलकं असतं, हवेत लवकर मंदावतं, कधी कधी पट्ट्यातच फुटतं. पण जिथे पडतं तिथे त्याचा चुरा कणसांवर सळसळत उडतो आणि एका खड्याने उठली नसती तेवढी पाखरं उठतात. मातीची ही युक्ती जुनी आहे. सीरियातल्या हमूकार इथल्या उत्खननात सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे, मातीचे लांबोडे गोफणगुंडे हजाराहून जास्त संख्येने सापडले.

अंतरासाठी मात्र लहान आणि जड गुंडा सगळ्यात चांगला. इसवीसनपूर्व 401 मध्ये झेनोफन हा ग्रीक सेनानी दहा हजार सैनिकांबरोबर इराणी साम्राज्यातून परत फिरत होता. पर्शियन गोफणकरी मूठ भरेल एवढे मोठे दगड फेकत. झेनोफनने आपल्या सैन्यातले ऱ्होड्स बेटाचे लोक निवडले, कारण त्यांना शिशाचे छोटे गुंडे मारता येत. त्यांचा मारा पर्शियनांच्या दुप्पट लांब पडे, असं त्याने लिहून ठेवलं आहे. कारण उघड आहे. त्याच वजनाचं शिसं दगडापेक्षा फार कमी जागा घेतं, म्हणून हवेला त्याला अडवायला पृष्ठभाग कमी मिळतो. ग्रीकांनी अशा शिशाच्या गुंड्यांवर अक्षरं उठवली होती. एकावर नुसतं ‘घे’ अशा अर्थाचा शब्द आहे. वावर राखणाऱ्या सोकाऱ्याला ही थट्टा सहज कळली असती.

आधुनिक काळातली एक नावाजलेली फेकही लहान खड्याचीच आहे. अमेरिकेच्या युटा राज्यात लॉरेन्स ब्रे याने 1981 साली 52 ग्रॅमचा दगड सव्वा मीटरहून थोड्या लांब गोफणीने 437 मीटर फेकला.

समुद्रकाठचा गळ टाकणारा हीच विद्या वेगळ्या अवजाराने वापरतो. त्याची काठी साधारण बारा-तेरा फुटांची, म्हणजे तोही हात लांबच करतो. काठीला गोफणीहून एक गोष्ट जास्त येते, ती वाकते आणि वाकताना ताकद साठवते. खालचा हात आत ओढायचा, वरचा हात पुढे रेटायचा आणि शिसं मागे लोंबतं ठेवून काठी आधी पुरती वाकवून घ्यायची. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत शिसं आधी लंबकासारखं झुलवतात, म्हणजे सुरुवातीलाच काठीवर ताण बसतो. या स्पर्धा समुद्रावर होत नाहीत. मोजायला सोयीचं म्हणून त्या मोठ्या गवताळ मैदानावर भरतात. शिसं ठरलेलं असतं, 100, 125, 150 किंवा 175 ग्रॅम, आणि वरच्या फळीतले लोक अडीचशे मीटरच्या पुढे जातात.

गोफणीचा हलका दगड चारशेच्या पार आणि तिप्पट जड शिसं अडीचशेवर, असं का? दगड सुटला की मोकळा होतो. शिशाच्या मागे मात्र दोरा असतो, आणि तो हवेत ताणत न्यावा लागतो. म्हणून गळ टाकणाऱ्याचे अर्धे उपाय दोऱ्याचे असतात. मुख्य दोरा शक्य तितका बारीक घ्यायचा. रीळ काठोकाठ भरायचं, नाहीतर दोरा कडेला घासून निघतो आणि अंतर खातो. झटक्याच्या वेळी बारीक दोरा तुटून शिसं बंदुकीच्या गोळीसारखं सुटू नये म्हणून पुढे काठीपेक्षा लांब असा जाड दोरा बांधायचा. दीडशे ग्रॅम शिशाला हा पुढचा दोरा निदान चोवीस किलो ताण सोसणारा लागतो. किनाऱ्यावर माणसं असताना या एका गाठीत हयगय करू नये. अंतर गेलं तरी चालेल.

बुलढाण्यातल्या धरणांच्या काठावर, नळगंगेवर म्हणा किंवा खडकपूर्णेच्या जलाशयावर, काठी-रिळाशिवाय गळ टाकणारा माणूस गोफण आणि काठी या दोहोंच्या मधे बसतो. दोरा बाटलीवर किंवा पायाशी वेटोळं करून ठेवलेला. टोकाला शिसं किंवा नट-बोल्ट. हातभर दोरा मोकळा सोडून तो बाजूला दोन गिरक्या देतो आणि सोडतो. शिसं दोऱ्याला घेऊन पळतं. ही गोफणच झाली, फक्त तिचं दुसरं टोक पाण्यात जातं.

वावरातली गोफण मात्र ओसरत गेली. तिच्या अंतरात काही कमी पडलं नव्हतं. पीक बदललं. ज्वारीच्या दाण्यावर चिमण्या, सुगरणी, पोपट, साळुंक्या आणि पावसाळा संपता संपता दूर वायव्येकडून हजारोंच्या थव्याने येणाऱ्या भोरड्या. दाणा दुधात भरल्यापासून सोंगणीपर्यंत पहाट आणि संध्याकाळ राखण लागायची. उंच देशी ज्वारी माणसाच्या डोक्यावरून जायची, म्हणून माळा. 1964 मध्ये सीएसएच-1 हे पहिलं संकरित वाण आलं आणि ज्वारी बुटकी झाली, लवकर पिकू लागली. शिवारात ज्याचं वावर आधी निसवायचं त्याच्यावर सगळी पाखरं तुटून पडायची. पुढे सोयाबीन आलं. पाखरं त्याच्या शेंगांच्या वाटेला फारशी जात नाहीत, पैसाही हातात लवकर येतो. एकेक शेतकरी ज्वारी सोडत गेला आणि जो उरला त्याची पंचाईत वाढली. पूर्वी शंभर एकरांत वाटली जाणारी पाखरं आता त्याच्या एकट्याच्या दोन एकरांवर उतरू लागली. तेवढ्यासाठी दिवसभर राखणदार ठेवायचा तर त्याची मजुरीच ज्वारीच्या भावाला भारी पडते. मग पुढच्या वर्षी तोही पेरत नाही. ज्वारी का गेली याचं उत्तर अनेकजण बाजारभावात शोधतात. पाखरांचं हे गणितही त्यात धरायला हवं.

शिवाय शत्रूही बदलला. ज्ञानगंगा अभयारण्याच्या आसपासच्या गावांत आज डोकेदुखी पाखरांची नाही, रोह्यांची म्हणजे नीलगाईंची आणि रानडुकरांची आहे, आणि तीही रात्री. रोही खड्याला फार जुमानत नाही. म्हणून प्लास्टिकच्या नळकांड्यात कार्बाइड आणि पाण्याचा वायू पेटवून बार काढणारी बंदूक आली, कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारी, सौर बॅटरीवर चालणारी झटका मशीन आली. बार हा खरं तर गोफणीचाही जुना गुण होता. सुटणाऱ्या टोकाला मोकळ्या वाखाचा झुबका ठेवला की शेवटच्या झटक्याला ते टोक आसुडासारखं कडाडतं. कित्येकदा पाखरं खड्यापेक्षा त्या आवाजानेच उठायची, आणि खडा न घालता नुसती गोफण कडाडवूनही राखण व्हायची.

बाजारात गोफण अजून मिळते, बहुधा नायलॉनची. ती कुजत नाही, पण गुळगुळीत असल्यामुळे चिमटीतून लवकर निसटते. घेणाऱ्याने गाठीशी सुताचे दोन वेढे घालून घ्यावेत, म्हणजे बोटाला ठाव लागतो. महाराष्ट्रात हुरडा पार्ट्यांच्या निमित्ताने शहरी पाहुण्यांच्या हातात ती गंमत म्हणून दिली जाते. पाहुणा डोक्यावर गरगर फिरवतो, मागे उभी असलेली मंडळी पांगतात. अशा वेळी खड्याऐवजी ढेकूळ द्यावं आणि बाजूला उभी फिरवायला सांगावं.