यीस्टची पेशी म्हणजे रसाने भरलेली पिशवी नव्हे

यीस्टचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकायला मिळतं. एका पेशीचा जीव, त्याच्या आत असून असून काय असणार? वर पातळ कातडं, आत रस. प्रथिनं त्या रसात तयार होतात आणि कातड्यातून झिरपून बाहेर येतात. शाळकरी मुलाने असं म्हटलं तर समजून घेता येतं. पण जीवशास्त्राची पदवी घेतलेली माणसंही हेच बोलतात आणि त्यावर पुढचा मजला चढवतात: एवढ्या साध्या जिवावर वर्षानुवर्षं संशोधन करून माणसाच्या पेशीबद्दल काय कळणार? यातलं पहिलं विधान साफ चुकीचं आहे आणि दुसरं त्याच्याच आधारावर उभं आहे. म्हणून आधी पहिल्याचा निकाल लावू.

पेशीचं पटल मेदाचं असतं, जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचं. प्रथिनाच्या रेणूचा बाहेरचा भाग सहसा पाण्याशी सलगी करणारा असतो आणि रेणू आकाराने प्रचंड असतो. मेदाच्या थरातून तो आपोआप पार होत नाही. पटलात प्रथिन झिरपण्याइतकी भोकं असती, तर त्याच्या शतांश आकाराचे क्षार आणि पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू आधीच वाहून गेले असते आणि पेशी क्षणभरही जगली नसती. एवढ्यावर समाधान होत नसेल, तर यीस्टमधलंच एक उदाहरण पाहावं. साखरेचे दोन तुकडे करणारं इन्व्हर्टेज नावाचं विकर यीस्ट तयार करतं. ते दोन रूपांत सापडतं: एक पेशीच्या आत राहणारं, दुसरं पटलाबाहेर जाणारं. दोन्ही एकाच जनुकातून येतात, हे मारियन कार्लसन आणि डेव्हिड बॉटस्टाइन यांनी १९८२ मध्ये दाखवून दिलं. फरक एवढाच की बाहेर जाणाऱ्या रूपासाठी जनुकावरून उतरवलेला निरोप-आरएनए थोडा लांब असतो आणि त्यामुळे प्रथिनाच्या सुरुवातीला १९ अमिनो आम्लांचा एक तुकडा जास्तीचा येतो. तो तुकडा असेल तर इन्व्हर्टेज बाहेर पोचतं, नसेल तर आतच राहतं. प्रथिनं झिरपत असती, तर त्या तुकड्याच्या असण्या-नसण्याने काहीही बिघडलं नसतं. शिवाय बाहेर गेलेल्या इन्व्हर्टेजवर साखरेच्या लांब साखळ्या चढलेल्या असतात, आत राहिलेल्यावर एकही नसते. म्हणजे बाहेर जाणारं प्रथिन वाटेत कुठेतरी थांबलेलं असतं आणि तिथे त्याच्यावर काम झालेलं असतं.

ही वाट आंतर्द्रव्यजालिकेपासून सुरू होते. केंद्रकाभोवती आणि पटलालगत पसरलेलं हे पटलांचं जाळं. रायबोझोमवर प्रथिन विणलं जात असताना, किंवा काही वेळा विणून होताच, सुरुवातीचा तो संकेत-तुकडा ओळखला जातो आणि सेक६१ नावाच्या प्रथिनाने बनलेल्या अरुंद वाटेतून धागा जालिकेच्या पोकळीत ओढला जातो. तिथे संकेत-तुकडा कापला जातो, घड्या पडतात, गंधकाचे बंध जुळतात, साखरेची पहिली साखळी चढते. घडी नीट बसली नाही तर प्रथिन सहसा पुढे जात नाही. ज्याची बसली ते जालिकेच्या पटलातून फुटणाऱ्या, साधारण ६०-६५ नॅनोमीटर व्यासाच्या पुटिकेत शिरतं. ही पुटिका घडवायला सार१, सेक२३-सेक२४ आणि सेक१३-सेक३१ एवढी प्रथिनं पुरतात, हे १९९४ मध्ये परीक्षानळीत सिद्ध झालं. पुढचा मुक्काम गॉल्गी संकुल. तिथे साखरेच्या साखळ्या वाढतात आणि वाटण्या होतात: काही प्रथिनं रिक्तिकेकडे, काही पेशीच्या पृष्ठभागाकडे. पृष्ठभागाकडे निघालेल्या पुटिका वाढणाऱ्या कळीच्या, म्हणजे मूळ पेशीवर फुटणाऱ्या नव्या पेशीच्या, दिशेने जातात, पटलाला चिकटतात, त्यात विरघळतात आणि आतला माल बाहेर मोकळा होतो. पुटिकेचं स्वतःचं पटल कळीच्या पटलात भर घालतं, म्हणून कळी वाढते. हे सगळं सुमारे ५ मायक्रोमीटरच्या पेशीत चाललेलं असतं.

यावर विचारणारा हुशार असेल तर एक खरा आक्षेप घेतो. ही वाट जगण्यासाठी इतकी अत्यावश्यक असेल, तर तिच्यात बिघाड झालेली पेशी मरूनच जाईल. मग मेलेल्या पेशीवरून वाट कशी शोधली? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या प्रयोगशाळेत रँडी शेकमन आणि त्यांचे विद्यार्थी पीटर नोविक यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यांनी तापमानावर अवलंबून असणारी उत्परिवर्तनं निवडली. अशा पेशीतलं बदललेलं प्रथिन साधारण २५ अंशांना नीट चालतं, ३७ अंशांना निकामी होतं. पेशी गारव्यात वाढवायच्या, मग तापमान चढवायचं आणि काम कुठे अडलं ते पाहायचं. १९७९ मध्ये त्यांनी सेक१ हे उत्परिवर्तन प्रसिद्ध केलं. ३७ अंशांना त्या पेशी प्रथिनं बनवत राहिल्या, पण इन्व्हर्टेज बाहेर पडेना. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पुटिकांनी खचाखच भरलेल्या दिसल्या. तापमान उतरवलं आणि नवं प्रथिन बनणं औषधाने बंद ठेवलं, तरी आत साठलेलं विकर बाहेर येऊ लागलं. अडलेला माल खराब झालेला नव्हता, फक्त वाटेत थांबला होता. झिरपण्याची कल्पना खरी मानायची असेल, तर या एका प्रयोगाचं उत्तर आधी द्यावं लागेल.

पुढची युक्ती मला या साऱ्या कामातली सर्वांत देखणी वाटते. स्राव अडला की पटल वाढत नाही, पण आत प्रथिनं बनतच राहतात. त्यामुळे पेशी तेवढ्याच आकारात जड होते. सिलिकाच्या सूक्ष्म कणांच्या द्रावणात पेशी घालून अपकेंद्री यंत्रात फिरवल्या की या जड पेशी तळाकडे जातात आणि निरोगी पेशींपासून वेगळ्या काढता येतात. अशा रीतीने १९८० मध्ये स्रावासाठी लागणाऱ्या २३ जनुकांची यादी तयार झाली. कुठल्या बिघाडात जालिका फुगलेली, कुठल्यात गॉल्गीसारख्या कप्प्यांची गर्दी, कुठल्यात पुटिकांचा ढीग. मग १९८१ मध्ये त्यांनी एकाच पेशीत दोन बिघाड एकत्र आणले. पुण्याहून कोल्हापूरला जाणारा रस्ता खंबाटकी घाटात आणि कराडला अशा दोन्ही ठिकाणी बंद झाला, तर पुण्याहून निघालेल्या गाड्यांची रांग खंबाटकीलाच लागते. तसंच त्या यादीतले सेक१८ आणि सेक१ हे दोन्ही बिघाड असलेल्या पेशीत माल जालिकेतच अडला, पुटिकांचा ढीग झाला नाही. म्हणजे सेक१८ चं काम आधीच्या टप्प्यावर लागतं आणि सेक१ चं शेवटी. असा एकेक बिघाड जोडीने तपासत जालिका, गॉल्गी, पुटिका, पृष्ठभाग हा क्रम पक्का झाला. जॉर्ज पॅलेड यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडाच्या पेशींत हाच क्रम पाहिला होता आणि त्यांना १९७४ चं नोबेल मिळालं होतं. तो क्रम यीस्टमध्येही निघाला. आणि यीस्टने त्यात जनुकांची नावंही दिली.

आता दुसरं विधान: यीस्टवरून माणसाचं काय कळणार? जेम्स रॉथमन यांचा गट पूर्णपणे वेगळ्या वाटेने जात होता. हॅमस्टरच्या पेशी फोडून, त्यांचं गॉल्गी परीक्षानळीत ठेवून, पुटिकांच्या वाहतुकीला कोणती प्रथिनं लागतात हे ते रसायनशास्त्राच्या रीतीने वेचत होते. त्यांनी शुद्ध केलेलं एनएसएफ हे प्रथिन आणि यीस्टचं सेक१८ एकाच कुळातली निघाली. साम्य केवळ अमिनो आम्लांच्या क्रमात नव्हतं. १९८९ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या निबंधानुसार हॅमस्टरच्या गॉल्गीच्या प्रयोगात एनएसएफच्या जागी यीस्टचं सेक१८ घातलं तरी वाहतूक चालते. बेकरीतल्या जिवाचा सुटा भाग सस्तन प्राण्याच्या पेशीत बसतो आणि काम करतो, याहून अधिक पुरावा काय हवा? पुढे थॉमस सुडहॉफ यांना उंदराच्या मेंदूत, चेतापेशी जिथे आपले रासायनिक निरोप सोडतात तिथे, मंक१८ हे प्रथिन सापडलं. ते यीस्टच्या सेक१ चं नातेवाईक. शेकमन, रॉथमन आणि सुडहॉफ यांना २०१३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल एकत्र मिळालं, ते याच एका यंत्रणेसाठी.

यीस्ट आणि माणसाच्या पेशींत फरक आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. माणसाच्या पेशीत गॉल्गीचे कप्पे एकावर एक रचलेले असतात; बेकरीच्या यीस्टमध्ये, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीमध्ये, ते सुटे विखुरलेले असतात. हा फरक दाखवून यीस्टचं गॉल्गी 'खरं' नाही म्हणणारे आहेत. पण याच विखुरलेपणामुळे एक जुना वाद मिटवायला मदत झाली. गॉल्गीचे कप्पे जागच्या जागी राहतात आणि प्रथिनं एका कप्प्यातून दुसऱ्यात नेली जातात, की कप्पाच आतला माल घेऊन पहिल्या टप्प्यातून शेवटच्या टप्प्यात बदलत जातो? २००६ मध्ये शिकागोच्या बेंजामिन ग्लिक यांच्या आणि जपानच्या अकिहिको नाकानो यांच्या गटांनी यीस्टमध्ये सुरुवातीच्या टप्प्याचं प्रथिन एका रंगाने आणि शेवटच्या टप्प्याचं दुसऱ्या रंगाने चमकवलं. जिवंत पेशीत एकेका कप्प्यावर नजर ठेवली, तेव्हा तोच कप्पा रंग बदलताना दिसला. रचलेल्या कप्प्यांत एकच कप्पा असा वेगळा पाहणं फार अवघड होतं. दुसरा फरक साखरेचा. यीस्ट प्रथिनांवर मॅनोजच्या लांबच लांब साखळ्या चढवतं, माणसाची पेशी तशा चढवत नाही. म्हणून औषधासाठी लागणारी प्रतिद्रव्यं सहसा हॅमस्टरच्या पेशींत बनवतात. ज्यावर साखर नसते असं इन्सुलिन मात्र यीस्टमधून स्रवून घेता येतं. अंतिम सजावट वेगळी आहे, मार्ग एकच आहे.

काही किरकोळ समज जाता जाता. यीस्ट जिवाणू नाही. ते कवक आहे, त्याला केंद्रक आहे आणि वर सांगितलेला सगळा पटलांचा पसारा जिवाणूत नसतो. यीस्ट मांसाहारी पदार्थ नाही. इडलीचं पीठ मुख्यतः ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणू फुगवतात, पाव यीस्ट फुगवतं. इन्व्हर्टेज 'बाहेर' जातं म्हणजे ते भोवतीच्या पाण्यात मिसळतं असं नाही; बरंचसं पटल आणि पेशीभित्तिका यांच्या मधल्या जागेत अडून राहतं. आणि यीस्टमध्ये बनणारं प्रत्येक औषध यीस्ट बाहेर टाकतं, हेही खरं नाही: अमेरिकेत १९८६ मध्ये मान्यता मिळालेल्या हिपॅटायटिस-बीच्या लशीतलं प्रथिन यीस्टच्या आतच साठतं, पेशी फोडूनच ते काढावं लागतं.

एक समज मात्र एका ओळीत सोडण्यासारखा नाही: ही सगळी प्रयोगशाळेतली बाब, दवाखान्याशी तिचा संबंध नाही. जालिकेतून पुटिका घडवणाऱ्या सेक२३ ची माणसात दोन जनुकं आहेत. त्यातल्या सेक२३बी मधल्या उत्परिवर्तनांमुळे एक जन्मजात रक्तक्षय होतो, हे २००९ मध्ये उघड झालं. त्यात अस्थिमज्जेत दोन केंद्रकांच्या अपक्व रक्तपेशी दिसतात, रुग्णाला कावीळ होते, प्लीहा वाढते. त्याच्या आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, जपानमधल्या संशोधकांनी तान्ह्या बाळांना जन्मानंतर लवकरच जडणाऱ्या एका गंभीर अपस्माराचं कारण शोधलं. दोष निघाला एसटीएक्सबीपी१ या जनुकात. तो मंक१८ चा आराखडा आहे, म्हणजे ३७ अंशांना यीस्टची पेशी पुटिकांनी भरून टाकणाऱ्या त्या सेक१ चा माणसातला नातेवाईक.