छतावरची वीज (भाग ५) : अधिक कोणते, उणे कोणते?

प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीन किलोवॉटपर्यंत अनुदान वाढत जाते आणि ७८ हजार रुपयांवर थांबते. त्यामुळे अनेक कुटुंबे तेवढ्याच क्षमतेचा संच निवडतात. ५४० वॉटची सहा पॅनेल म्हणजे ३,२४० वॉट. एका पॅनेलचा खुला व्होल्टेज, म्हणजे काहीही जोडलेले नसतानाचा, साधारण ४९.५ व्होल्ट. सहाही सिरीजमध्ये जोडली की तो २९७ व्होल्टवर जातो. हा दाब डीसी असतो, आणि ऊन असेपर्यंत कोणत्याही बटणाने बंद होत नाही.

कारखान्यातून आलेल्या पॅनेलच्या वायरींना एमसी-४ कनेक्टर बसवलेले असतात. अधिकचा कनेक्टर दुसऱ्या पॅनेलच्या उण्यातच बसतो, म्हणून पॅनेल एकमेकांना जोडताना सहसा चूक होत नाही. चूक होते ती पुढे. छतावरून इन्व्हर्टरपर्यंतची केबल जागेवर कापली जाते आणि तिचे कनेक्टर कारागीर स्वतः क्रिंप करतो. लाल केबल संपली म्हणून दोन्हीकडे काळीच ओढली जाते. त्यात एमसी-४मध्ये बाहेरचे प्लास्टिक आणि आतली धातूची पिन यांचे नर-मादी एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे नुसत्या आकारावरून ठरवणारा हमखास गोंधळतो.

खात्री करून देतो तो मल्टिमीटर. मीटर आणि त्याच्या वायरी किमान ६०० व्होल्ट डीसीच्या असाव्यात, आणि लाल वायर अँपिअरच्या खाचेत राहिलेली नाही हे आधी पाहावे. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून इन्व्हर्टरला न जोडलेल्या टोकांना प्रोब लावावेत. आकड्यापुढे उणे चिन्ह नसेल तर लाल प्रोबचे टोक अधिक.

आकडाही बोलका असतो. २९७च्या आसपास आला तर सर्व ठीक. उणे २९७ म्हणजे संपूर्ण साखळीच उलटी. २४७ आला तर एक पॅनेल जोडायचे राहिले. आणि १९८? त्याचा अर्थ एक पॅनेल उलटे जोडले गेले आहे : त्याचे स्वतःचे ४९.५ व्होल्ट मिळाले नाहीत, शिवाय बाकीच्यांतून तेवढेच वजा झाले. निफाडच्या थंडीत पहाटे पारा पाच अंशांवर असेल, तर सकाळच्या पहिल्या उन्हात हाच आकडा ३१०च्या वर दिसू शकतो. सिलिकॉनचा व्होल्टेज थंडीत वाढतो.

उलट जोडणीचे परिणाम संचाप्रमाणे बदलतात. बॅटरीला थेट जोडलेल्या उलट्या पॅनेलमध्ये बॅटरीचा प्रवाह बायपास डायोडमधून सुसाट वाहतो आणि डायोड, वायर जळतात. ग्रिडला जोडलेले बरेच इन्व्हर्टर अशा वेळी नुसते सुरू होत नाहीत. घाबरून डीसी स्विच पाडावा असे तेव्हा वाटते, पण तसे करू नये. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी विझते. डीसीची ठिणगी तशीच पेटती राहते. काही डीसी एमसीबी तर ध्रुवतेनुसारच ठिणगी विझवू शकतात, उलट जोडले की निकामी ठरतात. म्हणून अनेक इन्व्हर्टरच्या पुस्तिका सांगतात : सूर्य मावळून प्रवाह अर्ध्या अँपिअरखाली उतरेपर्यंत थांबा, मगच स्विच बंद करून वायरी बदला.

पुढील आठवड्यात : अर्थिंग आणि वीजरोधक.