सालई व गुग्गुळ यांची फाटे कलमे

धुळे व जळगाव जिल्ह्यांत, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याशी, मुरमाड व बरड जमिनीत केवळ पावसावर पीक घेणे बहुधा परवडत नाही. अशा ठिकाणी सालई व गुग्गुळ या वृक्षांचा विचार करावा. दोन्ही एकाच कुळातील असून दोन्हींपासून सुगंधी डिंक मिळतो. सालई सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर आपोआप वाढते. बऱ्हाणपुराजवळील नेपानगरच्या कारखान्यात १९५५ नंतर तिच्या लाकडापासून व बांबूपासून वृत्तपत्राचा कागद तयार होत असे. गुग्गुळ हे राजस्थान व कच्छकडील कोरड्या मुलुखाचे लहान झाड. डिंकासाठी बेसुमार खाचा पाडल्याने ते मरते, आणि त्याचे बी फार थोडे उगवते. २०१५ साली त्याची गणना जगातील अतिसंकटग्रस्त वनस्पतींत झाली. म्हणून फाटे कलमांनी लागवड वाढविणे अगत्याचे आहे.

या झाडांच्या फांद्यांत ओलावा साठलेला असतो. त्यामुळे फाटा सुकून जाण्यापेक्षा कुजून जाण्याचेच भय अधिक. केळीच्या बागेत पाणी देण्याची सवय जडलेल्या बागाइतदाराने हे विशेष ध्यानात ठेवावे. काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत ही कलमे लावूच नयेत.

गुग्गुळाचे फाटे पक्व फांदीचे, सुमारे बोटाएवढे जाड व २५ ते ३० सेंटिमीटर लांब घ्यावेत. मृगाचा पाऊस पडल्यावर ते रेतीमिश्रित गादीवाफ्यात लावावेत. वाफा ओलसर ठेवावा, परंतु पाणी साचू देऊ नये. पुढील वर्षीच्या पावसाळ्यात रोपे ३ मीटर अंतरावर कायम जागी लावावीत.

सालईची मात्र जाड फांदीच थेट जागेवर लावता येते. उन्हाळ्याच्या अखेरीस झाड निष्पर्ण असता फांदी तोडून काही दिवस सावलीत ठेवावी, म्हणजे कापलेली बाजू सुकते. पावसाच्या तोंडाशी ती उतारावर खोल पुरून भोवतालची माती घट्ट दाबावी. राखीव जंगलातील फांद्या वनखात्याच्या परवानगीवाचून तोडू नयेत.

फाट्यापासून झालेल्या झाडास बियाण्याच्या झाडासारखे सोटमूळ नसते. याकरिता वाऱ्याच्या जागी काठीचा आधार द्यावा व पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून थोडे पाणी घालावे. गुग्गुळ सावकाश वाढतो; खोड पुरेसे जाड होण्यापूर्वी डिंकासाठी त्यास खाच पाडू नये.